दोनशे पानी एकरेघी वही : छोटं लिहिणाऱ्याला पुरते का?

शाळेच्या पोरांसाठी बनवलेली, मधोमध पिना मारलेली, पातळ कव्हराची एकरेघी वही. कंपनी कुठलीही. म्हापशाच्या बाजारात मिळते, मडगावात मिळते, पणजीत अठरा जून रस्त्यावर मिळते आणि गावच्या तिठ्यावरच्या दुकानात बिस्किटांच्या बरण्यांमागेही सापडते. किंमत १०० रुपयांच्या आत. तिचा हा रिव्ह्यू एकाच कामापुरता आहे. दोनशे ते पाचशे शब्दांचं स्फुट, ललित किंवा सदराचा मजकूर लिहिणाऱ्याने ती घ्यावी का? कादंबरीवाल्यांनी खुशाल पुढे जावं, त्यांचं दुखणं वेगळं.

आधी निकाल सांगून टाकतो. लिहायला ही वही सुमार आहे. कागद सुमार, बांधणी त्याहून सुमार. पण आपण कसं लिहितो हे आपलं आपल्याला दाखवून द्यायला हिच्या तोडीची वस्तू दुकानात नाही. म्हणून घ्यावी. मात्र खाली दिल्यासारखी वापरणार असाल तरच. नुसती भरायची असेल तर फोन बरा.

मापापासून सुरुवात करू. साधी वही २४ सेंटीमीटर उंच आणि १८ रुंद असते. समास सोडला की ओळीला चौदा-पंधरा सेंटीमीटर उरतात. मध्यम अक्षरात तेवढ्यात सात-आठ मराठी शब्द बसतात आणि पानावर चोवीस-पंचवीस ओळी. म्हणजे पानाला १७० ते २०० शब्द. पहिल्याच दिवशी आपल्या अक्षरातलं एक पान मोजावं आणि तो आकडा कव्हराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा, पुन्हा मोजत बसायला नको. दोन पानं भरली की साडेतीनशेच्या आसपास मजकूर झाला. लांब वहीच्या पानात अडीचशे-तीनशे शब्द सहज जातात, आणि पान अर्धं रिकामं दिसलं की हात पाल्हाळ लावतो. छोटं लिहायचं तर लांब वही घेऊ नये.

शब्दसंख्येबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण बहुतेक सल्ले इंग्रजी किंवा हिंदीवरून उचललेले असतात. ‘फणसाच्या झाडाखालच्या बाकावरचा म्हातारा’ हे आपले चार शब्द. हेच हिंदीत सांगायला नऊ-दहा लागतात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तीनशे शब्दांत पुष्कळ माल मावतो. कुणी ‘पाचशे शब्द हवेत’ म्हटलं आणि नमुना इंग्रजीतला दाखवला, तर मराठीत तो मजकूर चारशेच्या आत संपणं साहजिक आहे. उरलेले शंभर भरायला गेलं की चरबी वाढते.

आता वापरायची पद्धत. पहिला खर्डा फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं. समासात तारीख आणि वेळ. एका बैठकीत, वीस-पंचवीस मिनिटांत खर्डा संपवायचा, मधे मागे जाऊन सुधारायचं नाही. खोडायचं तर एकच आडवी रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. गिचमीड नको, व्हाइटनर तर नकोच. मग मधे किमान एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी वेगळ्या रंगाचं पेन घेऊन डाव्या पानावर, त्या त्या ओळीच्या समोरासमोर, बदललेलं वाक्य लिहायचं. उजव्या पानावरचं मूळ वाक्य तसंच राहतं. पेन्सिल आणि रबर इथे बाद, कारण जे पुसलं जातं तेच नंतर वाचायचं असतं.

हिशेबही पाहून घ्या. दोनशे पानी म्हणून घेतलेल्या वहीची खरी संख्या मागच्या कव्हरवर बारीक अक्षरात असते, आणि पुष्कळदा ती कव्हर नि माहितीचं पान धरून मोजलेली असते. १८० पानं निघाली तर ९० पाती. एका मजकुराला दोन पाती. शेवटची चार-पाच पाती पुढे सांगितलेल्या तक्त्यासाठी बाजूला ठेवली तर एका वहीत चाळीसएक मजकूर होतात. आठवड्याला एक लिहिला तर वही नऊ-दहा महिने चालते.

डाव्या पानाचं काम काय ते एका वाक्यावर दाखवतो. समजा विषय संध्याकाळची फेरीबोट. उजव्या पानावर हे उतरलं:

‘सायंकाळच्या सोनेरी किरणांत न्हाऊन निघालेल्या मांडवीच्या शांत पात्रातून फेरीबोट संथपणे चोडणच्या दिशेने निघाली आणि मन एका अनामिक हुरहुरीने भरून आलं.’

पेन कुठेही अडखळलेलं नाही, एकही खाडाखोड नाही. तिथेच संशय घ्यावा. सोनेरी किरणं, न्हाऊन निघणं, अनामिक हुरहूर हा सगळा सामान भाड्याने आणलेला आहे. मराठीत कित्येक वर्षं तो या घरातून त्या घरात फिरतोय. रायबंदरच्या धक्क्यावर रोज उभा राहणारा माणूस यातलं काहीच पाहत नाही. दुसऱ्या दिवशी डाव्या पानावर हे आलं:

‘फेरीबोट चोडणच्या धक्क्याला अजून टेकली नव्हती, तोच सगळ्या स्कूटरी सुरू झाल्या.’

शब्द जवळजवळ निम्मे झाले. घरी पोचायची घाई स्कूटरच्या आवाजात आली, हुरहुरीचं नाव घ्यावं लागलं नाही. इथे थांबलं तरी चालेल, पण डाव्या पानावर अजून जागा असते, म्हणून आणखी एक पर्याय लिहावा:

‘फेरीबोट धक्क्याला टेकायची आहे. स्कूटरी आधीच सुरू.’

दुसरं बरोबर की तिसरं, हा प्रश्नच नाही. ‘तोच’ ठेवणाऱ्याचा कल गोष्ट सांगण्याकडे असतो, एका घटनेला दुसरी जोडत जाण्याकडे. क्रियापद गाळून ‘सुरू’वर थांबणाऱ्याचा कल टिपण्याकडे. चाळीस मजकुरांत डाव्या पानावर जे वळण पुन्हा पुन्हा निवडलं जातं, ती त्या माणसाची वाट. ती कुणी नेमून देत नाही आणि पहिल्या पाच-सहा मजकुरांत ती दिसतही नाही.

म्हणून तीस मजकूर होईपर्यंत मागे वळून वाचू नये. तीस झाले की मागच्या पानांवर तक्ता आखावा. रकाने पाचच: मजकुराचा क्रमांक, खरी सुरुवात कितव्या ओळीला झाली, शब्द किती झाले, शेवटची ओळ टिकली की गेली, पुन्हा पुन्हा आलेला शब्द कुठला.

‘खरी सुरुवात’ म्हणजे डाव्या पानाच्या दुरुस्तीनंतर जी ओळ पहिली उरली ती. पुष्कळांच्या वहीत ती चौथ्या किंवा पाचव्या ओळीला निघते, कारण आधीच्या ओळी घसा खाकरण्यात गेलेल्या असतात: हवा कशी होती, आपण का लिहितोय, हल्ली लोक कसे बदललेत. दर वेळी चौथीच ओळ निघत असेल तर उपाय सोपा आहे. पहिल्या तीन ओळी लिहायच्या, पण त्या जाणार हे धरूनच. त्या लिहिल्याशिवाय चौथी येत नाही, त्यामुळे त्या टाळायचा हट्ट धरू नये.

लांबीचा रकाना सगळ्यात बोलका. मजकूर ओढूनताणून न लांबवता कुठे थांबतो ते पाहावं. कुणी १८०ला थांबतो, कुणाला ४२० लागतात. दोन्ही ठीक. १८०वाल्याने चारशेचं सदर मागून घेतलं की दर आठवड्याला मधल्या दोनशे शब्दांत उपदेश शिरतो. त्याने एका विषयाचे दोन तुकडे करावेत, मधे फुली टाकावी, चारशे आपोआप होतात. ४२०वाल्याने समाजमाध्यमाची पोस्ट म्हणून दीडशेत कोंबलं तर मजकुराची जाहिरात होते.

शेवटच्या ओळीचं बहुतेकांचं सारखंच असतं. तीसपैकी वीस ठिकाणी शेवटची ओळ डाव्या पानावर कापली गेली असेल तर समजावं की मजकूर एक ओळ आधीच संपतो आणि आपण वाचकाला दारापर्यंत सोडायला जातो. पुढच्या दहा मजकुरांत शेवटची ओळ लिहायची आणि लगेच हाताने झाकून त्याआधीची वाचायची. तीवर थांबता येतं का ते तेवढ्यात कळतं.

आणखी एक खूण फक्त हस्तलिखितात दिसते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ओळींच्या उजव्या कडेला ‘होती, होतं, होता, होती’ अशी रांग लागते. वही जरा लांब धरली की ती रांग डोळ्यात भरते. सगळी ‘होती’ काढून टाकायची नसतात, तसं केलं तर मजकूर बातमीच्या मथळ्यांसारखा तुटक होतो. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एकदा क्रियापद आधी घ्यावं किंवा गाळावं, एवढं पुरे.

गोव्यातल्या मराठी लेखकाला डाव्या पानाचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते वहीचे पैसे इथेच वसूल होतात. घरात, बाजारात, बसमध्ये कोंकणी. शाळेच्या पुस्तकात, पेपरात, जत्रेच्या नाटकात मराठी. परिणाम असा की उजव्या पानावर हात आपसूक पुणेरी लिहितो. ‘पाववाला सायकलवरून आला.’ ‘खिडकीतून ऊन आत आलं.’ ‘म्हातारी ओट्यावर बसली होती.’ व्याकरणाला सगळं शुद्ध, आणि यातलं एकही घर गोव्यातलं नाही.

दुरुस्ती करताना प्रत्येक शब्दाला एकच विचारायचं: तो बदलला तर वस्तू बदलते का? पाववाल्याचा पोदेर केला की बदलते. त्याचा भोंगा, बांबूची टोपली, उंडे आणि पोय घेऊन ठरलेल्या वेळी येणं हे त्या एका शब्दात येतं. ओट्याचा बाल्कांव केला की बदलते, कारण बाल्कांवात समोरासमोर बसायला दोन सोपे, म्हणजे बांधीव बाकं, असतात आणि बसणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे नसून समोरच्या माणसाकडे असतं. संवाद लिहायचा असेल तर हा फरक फार मोठा आहे. खिडकीचं मात्र सरसकट जनेल करू नये. शिंपल्यांची तावदानं असलेलं जुनं जनेल असेल तरच. फ्लॅटच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांना खिडकी म्हटलेलंच बरं. कोंकणी शब्द नुसता वासासाठी शिंपडला की वाचकाला तो लगेच कळतो.

परक्या वाचकाला शब्द कळावा म्हणून कंसात अर्थ देणं ही सगळ्यात आळशी पद्धत. शब्दाचं काम त्याच वाक्यात दाखवावं. खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीवर, लिहिताना ‘मानस बंद झालं’ असं लिहिलं तर साताऱ्याचा वाचक ते मन समजेल. ‘भरती चढली तशी मानसाची फळ्यांची दारं पाण्याच्या दाबाने आपसूक मिटली, खारं पाणी शेताबाहेर राहिलं’ असं लिहिलं की कंसाचं काम उरत नाही. एका मजकुरात असे तीनपेक्षा जास्त शब्द आले तर दोन मजकूर करावेत.

हे कुणाला भेसळ वाटेल. इंग्लंडातून गोव्यात आलेले ख्रिस्ती धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं, आणि इथल्या माणसाला कळावं म्हणून मराठीत इथल्या बोलीचे शब्द मिसळल्याचं त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलं आहे. चारशे वर्षांपूर्वी चाललं ते आता न चालायला काय झालं?

फोनशी तुलना टाळता येणार नाही. फोन कायम खिशात असतो, ओल धरत नाही, मजकूर थेट पाठवता येतो. तिन्ही बाबतीत वही हरते. पण फोन खोडलेलं ठेवत नाही. गुगल डॉक्ससारख्या ठिकाणी जुन्या आवृत्त्या साठतात हे खरं, पण दोन आवृत्त्या ओळीला ओळ लावून वाचत बसणारा लेखक विरळा. दुसरं म्हणजे सुचवणीची पट्टी. ती प्रचलित शब्द पुढे करते. ‘बाल्कांव’ टाइप करायला सहा-सात टिचक्या लागतात आणि ‘बाल्कनी’ एका टिचकीत येते. दमलेल्या बोटाने निवड कधी केली ते लिहिणाऱ्याला कळतही नाही. बोलून टाइप करण्याचा आणखी एक तोटा म्हणजे वाक्यं लांबतात आणि विरामचिन्हं गळतात. टिपण घ्यायला ठीक, खर्ड्याला नको.

टाइप करायची वेळ शेवटी येतेच. तेव्हा दोन गोष्टी तपासाव्यात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोपऱ्यात’ हे शब्द उच्चारानुसारी कीबोर्डावर अनेकदा ‘दुसर्या’, ‘वार्यावर’ असे पडतात. ऱ वेगळा निवडून मग य जोडावा लागतो. आणि मजकूर युनिकोडमध्ये पाठवताना सोबत एक पीडीएफ जोडावा. छापखान्यात जुना फॉन्ट असेल तर रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार इकडेतिकडे होतात. मूळ काय होतं ते पीडीएफवरून तरी लावता येतं.

आता वहीच्या तक्रारी, आणि त्या गोव्यात जास्तच आहेत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. स्वस्त कागद हवेतली ओल पितो. जुलैत शाईच्या पेनाने लिहिलं की अक्षराला केस फुटतात आणि मजकूर पाठीमागे उमटतो, म्हणजे डावं पान गेलंच. साधं जेल पेन कोरड्या पानावर छान चालतं, पण त्याची शाई पुष्कळदा पाण्यात विरघळते. छत्रीचा एक थेंब पडला की अख्खी ओळ निळी. पावसाळ्यात बॉलपेनच घ्यावं. त्याची शाई तेलकट असते, पान भिजून वाळलं तरी अक्षर राहतं. बॉलपेनाची खोड एवढीच की नुसता ठिपका द्यायला गेलं तर गोळी फिरत नाही आणि अनुस्वार उमटत नाही. ‘घरं’चं ‘घर’ होतं आणि पंधरा दिवसांनी आपलंच वाक्य आपल्याला चुकीचं वाटतं. अनुस्वार टेकवू नये, किंचित ओढावा. पेनाची जाडी ०.७ ठीक. १.०ने मात्रा आणि रफार एकमेकांत बुजतात.

पिना गंजतात. समुद्राजवळच्या गावात लवकर, पण फोंड्या-डिचोलीतही दोन पावसाळ्यांत मधल्या पानांवर तपकिरी डाग येतात. एक चूक कायम होते ती पान फाडण्याची. पिनेच्या वहीत पुढचं पान फाडलं की त्याच कागदाचं मागचं अर्ध सुटतं, आणि दहा दिवसांनी कुठला तरी भलताच मजकूर गळून पडतो. फाडायचंच असेल तर वहीची मधली जोडपानं काढावीत. शिवलेली वही मिळाली तर वीस रुपये जास्त द्यायला हरकत नाही. नुसत्या गोंदावर चिकटवलेली घेऊ नये, सताड उघडली की कणा मोडतो, आणि डावं-उजवं पान एकदम दिसणं हाच तर सगळा खेळ आहे. स्पायरल सपाट उघडते, पण डावं पान लिहिताना मनगट तारेवर येतं, तारही गंजते.

दुरेघी आणि चौकटीच्या वह्या या कामाला निरुपयोगी. पाचशे रुपयांच्या पुढच्या, जाड कागदाच्या कापडी डायऱ्या दिसायला सुंदर असतात, पण त्यात खाडाखोड करायला हात धजत नाही, आणि खाडाखोड नसेल तर तक्त्यात भरणार काय? भेट आलेली असेल तर त्यात पक्क्या झालेल्या मजकुरांची प्रत करावी.

विकत घ्यायची ती शाळा सुरू व्हायच्या तोंडावर. तेव्हा गठ्ठे नवे असतात आणि निवडायला वाव असतो. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुमाराला उरलेला माल शंभर पानी आणि कोपरे दुमडलेला. घेताना मधलं पान उघडून पिना सरळ बसल्यात का ते पाहावं आणि नखाने कागद चोळावा. लगेच केस निघाले तर दुसरी घ्यावी. स्कूटरच्या डिकीत वही ठेवू नये, पावसात तिथे वाफ धरते. भरलेली वही लाकडी कपाटाच्या तळाशी ठेवली की कसर लागते. मधल्या फळीवर उभी ठेवावी, भिंतीपासून चार बोटं पुढे, सोबत डांबराची गोळी, आणि पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात पानं पंख्यासारखी पसरून तासभर ठेवावी. कव्हरच्या आतला शब्दांचा आकडा पुढच्या वहीत उतरवून घ्यावा. अक्षर वर्षभरात बदलतं, त्यामुळे पान एकदा नव्याने मोजलेलं बरं.